दोन जाळ्यांच्या मधला कचरा

वीस-पंचवीस वर्षांच्या एखाद्या पोर्शेचा पुढचा बंपर पहिल्यांदाच उतरवला जातो, तेव्हा गॅरेजच्या फरशीवर जो ऐवज पडतो तो बघण्यासारखा असतो. वाळकी पाने, अर्धी कुजून काळी पडलेली पाने, पाइनच्या सुया, सिगारेटची थोटके, चॉकलेटचा कागद, मेलेल्या मधमाश्या आणि टोळ, टायरच्या रबराचे काळे गोळे, आणि या सगळ्याला धरून ठेवणारी ओलसर माती. गाडी बाहेरून लखलखीत असते. वरचेवर शाम्पूने आंघोळ, वेळच्या वेळी पॉलिश, आतल्या चामड्याला वेगळे क्रीम. मात्र हा कचरा जिथे साठतो तिथे मालकाचा हात पोचत नाही आणि नजरही पोचत नाही. पुढे एसीचा कन्डेन्सर, मागे इंजिनाचा रेडिएटर आणि मध्ये बोटभर फट, अशी ती जागा.

ही फट पोर्शेच्या 911 च्या घराण्यात कधी आली ते नेमके सांगता येते. 1996 साली पोर्शेची बॉक्सस्टर बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी 996 या अंतर्गत क्रमांकाची नवी 911. त्याआधीची 911 हवेवर थंड होणारी होती. 1963 साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली तेव्हापासून 1998 साली तिचे हवेचे इंजिन बंद झाले तोवर मूळ रचना तीच राहिली: मागच्या झाकणाखाली पट्ट्यावर फिरणारा मोठा पंखा, सिलिंडरांना बाहेरून काढलेल्या धातूच्या चकत्या, आणि उरलेली उष्णता वाहून नेणारे भरपूर तेल. त्या तेलासाठी कूलर होता, पण पाण्याचा रेडिएटर नव्हता. पोर्शेला पाण्याचे वावडे होते असेही नाही. सत्तरच्या दशकातल्या 924 आणि 928 या गाड्या पाण्यावरच चालत, फक्त त्यांची इंजिने पुढे होती. शर्यतीच्या 956 मध्ये 1982 सालीच सिलिंडर हेडला पाणी आणि खालच्या सिलिंडरला हवा असा संसार होता. एका सिलिंडरमागे चार झडपा हव्या असतील तर हेडमध्ये इतकी उष्णता कोंडते की ती नुसत्या हवेला आवरत नाही. त्यात आवाजाचे आणि धुराचे नियम कडक होत गेले. हवेचे इंजिन गेले ते यामुळे. जुन्या चाहत्यांनी त्याचे सुतक पाळले आणि काहीजण अजून पाळतात.

पाणी आले, पण इंजिन हलले नाही. 911 मध्ये ते मागच्या चाकांच्याही मागे राहिले, बॉक्सस्टरमध्ये आसनांच्या मागे. रेडिएटरला मात्र ताजी हवा हवी आणि ती मिळते नाकाशी. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांच्या पुढे, बंपरच्या दोन कोपऱ्यांत, एकेक रेडिएटर बसवला गेला. जास्त ताकदीच्या प्रकारांना मधोमध तिसरा. इंजिनापासून नाकापर्यंत आणि परत अशा लांब नळ्या गाडीच्या पोटाखालून गेल्या, त्यामुळे 996 मध्ये वीस लिटरहून जास्त कूलंट मावते. साध्या कुटुंबाच्या हॅचबॅकला पाच-सहा लिटर पुरते. प्रत्येक कोपऱ्यातल्या रेडिएटरच्या पुढे एसीचा एक कन्डेन्सर, कारण त्यालाही तीच ताजी हवा हवी. दोन्ही गाड्यांचा पुढचा भाग बराचसा एकच, खर्च वाचवण्यासाठी, त्यामुळे पानांची तक्रारही दोघींची सारखीच.

पेट्रोलच्या इंजिनाचा हिशेब ढोबळमानाने असा मांडतात: इंधनातल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश चाकांकडे जातो, एक तृतीयांश धुराड्यातून बाहेर पडतो आणि उरलेला थंड करणाऱ्या यंत्रणेच्या गळ्यात पडतो. पहिल्या 996 चे 3.4 लिटरचे इंजिन 300 अश्वशक्तीचे होते, म्हणजे सुमारे 220 किलोवॉट. ते पूर्ण जोरात चालते तेव्हा रेडिएटरांना शंभर किलोवॉटहून जास्त उष्णता हवेत सोडावी लागते. न्हाणीघरातले दोन किलोवॉटचे पन्नास गीझर एकदम लावले तर जेवढी होईल तेवढी. आणि ही सगळी उष्णता सोडायची अॅल्युमिनियमच्या कागदासारख्या पातळ, नागमोडी पट्ट्यांमधून. या फिन्सना बारीक तिरप्या चिरा असतात. हवा पत्र्याला चिकटून गुळगुळीत वाहिली तर उष्णता उचलत नाही, चिरांवर ठेचकाळत गेली तर उचलते. दोन पट्ट्यांमधले अंतर दीड-दोन मिलिमीटर.

एवढ्या बारीक वाटेने हवेला ढकलणारा जोर किती असावा? ताशी 100 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या नाकावर हवेचा जो जास्तीचा दाब पडतो तो 460 पास्कलच्या आसपास, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्कादेखील नाही. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, तरी 250 च्या वेगालाही तो तीन हजार पास्कलच्या आतच राहतो. एवढ्याशा भांडवलावर हवेला आधी कन्डेन्सर, मग रेडिएटर, मग पंख्याचे आवरण ओलांडून चाकाच्या कमानीत बाहेर पडायचे असते. ओल्या पानांचा एक थर आडवा आला की हवा वाट बदलते. जिथे अडथळा कमी तिकडून निसटते, आणि पानाच्या मागची जाळी नुसती तापत बसते.

पान आत जाते ते बंपरच्या तोंडातून. स्पोर्ट्स कारची ही तोंडे मोठी, जमिनीलगत आणि बहुधा उघडी असतात. जमिनीपासून वीतभर उंचीवरून हवा ओढणारी गाडी रस्त्याच्या कडेचा कचराही ओढते. मोठे पान कन्डेन्सरवर आपटून थांबते. बारीक पाने, देठ आणि सुया कन्डेन्सरच्या कडेच्या फटीतून आत सरकतात आणि रेडिएटरवर जाऊन चिकटतात. गाडी धावते तोवर वाऱ्याचा दाब त्यांना दाबून धरतो. गाडी थांबली की ती खाली घसरतात, दोन जाळ्यांच्या मधल्या खोबणीत. म्हणून कचरा नेहमी खालून वर भरत जातो. टॉर्च घेऊन तोंडातून पाहणाऱ्याला कन्डेन्सरचा पुढचा चेहरा दिसतो, तो बऱ्यापैकी स्वच्छ असतो, आणि माणूस समाधानाने उठतो.

यात एक गंमत अशी, की सगळ्यात वाईट अवस्था रोज पळवल्या जाणाऱ्या गाडीची नसते. रविवारी सकाळी तासभर फिरून आठवडाभर झाडाखाली किंवा आवरणाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीची असते. आत शिरलेली पाने तिथेच भिजतात, कुजतात आणि त्यांची गच्च गादी बनते. तिकडे युरोपात मेपल आणि बर्चची पाने. मुंबई-पुण्यात गुलमोहराखाली उभ्या राहणाऱ्या गाडीची गत वेगळी नाही, उलट गुलमोहराची सेंटिमीटरभर पर्णिका अशी की ती अडवायला जाळीही तितकीच बारीक लागेल.

कुजणाऱ्या पानांचा खरा घाव इंजिनावर पडायच्या आधी एसीवर पडतो. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तोच त्याचे चिलखत. ओल्या गादीखाली हवा पोचत नाही, त्यामुळे फाटलेला थर पुन्हा धरत नाही. थंड देशांत रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्यातले क्लोराइड त्या ओलाव्यात उतरते आणि धातूला सुईच्या टोकाएवढी भोके पाडते. कन्डेन्सरच्या नळ्या पातळ आणि आत दाबाखालचा गॅस, त्यामुळे पहिली तक्रार असते ती ‘एसी गार करत नाही’ ही. मालक गॅस भरून घेतो, उन्हाळाभर चालते, पुन्हा उडते. तिसऱ्यांदा कोणीतरी बंपर काढतो.

996 विकत घेणारा माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो: इंटरमीडिएट शाफ्टचे बेअरिंग बदलले आहे का? त्या बेअरिंगने या इंजिनाला जगभर बदनाम केले, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. पानांबद्दल मात्र फारसे कोणी विचारत नाही. पण इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे असताना पानांनी चोंदलेल्या जाळीमुळे कूलंट सतत वरच्या तापमानाला चालणे हा काही किरकोळ मामला नव्हे.

रेडिएटर बसवायचा कुठे, हा पेच मोटारगाडीइतकाच जुना. 1900 च्या अखेरीस विल्हेल्म मायबाख यांनी 35 अश्वशक्तीच्या पहिल्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. 6 मिलिमीटर बाजूच्या चौकोनी नळ्या, एकूण 8,070, एका चौकटीत जोडलेल्या, आणि मागे एक छोटा पंखा. मार्च 1901 मध्ये नीसच्या शर्यतींत ही गाडी भाव खाऊन गेली. तो रेडिएटर सरळ नाकावर, उघडा, सगळ्यांना दिसेल असा होता. त्यावर पान बसले तर चालक उतरून हाताने काढू शकत असे.

मग वेग वाढला, नाक खाली गेले आणि रेडिएटर भटकू लागला. लॅम्बोर्गिनीने 1971 साली जिनिव्हात काउंटाचचा जो नमुना ठेवला त्याच्या अंगावर हवा घ्यायला फक्त बारीक कल्ले होते. देखणे होते, पण चाचणीचालक बॉब वॉलेस यांनी गाडी खरोखर पळवायला घेतल्यावर इंजिन तापू लागले. 1974 साली विक्रीला आलेल्या गाडीच्या खांद्यांवर म्हणून हवेची दोन ठसठशीत खोकी आली आणि दारांत खोल खाचा. पुढे कित्येक पिढ्यांच्या भिंतीवरच्या पोस्टरवर झळकलेला तो आक्रमक चेहरा मुळात रेडिएटरच्या तक्रारीतून जन्मला. फेरारीने 512 बीबीआयचा पुढचा एकुलता रेडिएटर काढून 1984 च्या टेस्टारोसात इंजिनाशेजारी दोन बसवले, कारण केबिनखालून जाणाऱ्या गरम नळ्या बसणाऱ्यांना भाजून काढत. दोन्ही बाजूंना हवेसाठी मोठी भगदाडे पडली. काही देशांत एवढी उघडी भगदाडे नियमात बसत नव्हती म्हणून त्यांवर आडव्या पट्ट्या आल्या. शोभेच्या वाटणाऱ्या त्या पट्ट्यांची नंतर किती गाड्यांनी नक्कल केली त्याला गणती नाही.

शर्यतीच्या जगात रेडिएटर बाजूला नेण्याचा रिवाज 1970 च्या लोटस 72 ने पक्का केला. ब्रॅभमच्या गॉर्डन मरी यांनी 1978 मध्ये बीटी46 वर रेडिएटरऐवजी अंगाला चिकटलेले सपाट पत्रे लावून पाहिले, आणि ते सपशेल फसले. त्याच वर्षी त्यांनी बीटी46बी आणली: रेडिएटर इंजिनावर आडवा आणि मागे एक भलामोठा पंखा. पंखा थंडाव्यासाठी आहे, असे संघ सांगत होता आणि ते तांत्रिकदृष्ट्या खोटेही नव्हते, पण तो गाडीखालची हवा उपसून तिला रस्त्याला चिकटवतही होता. 17 जून 1978 रोजी स्वीडनमध्ये अँडरस्टॉर्पला निकी लाउडा त्या गाडीत जिंकले. मागच्या चालकांची तक्रार अशी, की पंखा रस्त्यावरचा सगळा कचरा आमच्या तोंडावर फेकतो. मरी यांनी ती फेटाळली. गाडी पुन्हा शर्यतीत उतरली नाही.

कचऱ्याचे भान सगळ्यात जास्त असते ते अमेरिकेतल्या नॅसकारच्या चालकांना. तिथले संघ हवेचा अडथळा कमी करायला समोरच्या जाळीचा काही भाग चिकटपट्टीने बंद करतात. उरलेल्या तोंडावर प्रेक्षकांतून उडालेला सँडविचचा एक कागद बसला तरी तापमानाचा काटा चढू लागतो. अशा वेळी चालक पुढच्या गाडीच्या अगदी शेपटीला जाऊन भिडतो. तिच्या मागे हवा विरळ आणि घुसळलेली असते, समोरून येणारा दाब सुटतो आणि कागद आपोआप गळून पडतो. नाहीच पडला तर पिटमध्ये एकजण लांब दांड्याने तो खरवडून काढतो. फॉर्म्युला वनमध्ये 2022 च्या बेल्जियम ग्रां प्रीत शार्ल लक्लेर्क यांना शर्यतीच्या सुरुवातीलाच पिटमध्ये यावे लागले. दुसऱ्या चालकाने हेल्मेटच्या काचेवरून सोलून फेकलेली पारदर्शक पट्टी त्यांच्या पुढच्या ब्रेकच्या हवेच्या नळीत अडकली होती.

रस्त्यावरच्या गाड्यांत पोर्शेला जोड शोधायची तर ती शेवरोले कॉर्व्हेट. 1984 ते 1996 मधली चौथी पिढी समोरून नाही, तर बंपरच्या खालून हवा घेते. जमिनीला तोंड लावून श्वास घेणाऱ्या या गाडीच्या कन्डेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि पाने हमखास सापडतात. तिच्या जाणकार मालकांत ‘गाडी तापते’ म्हटले की थर्मोस्टॅट बदलण्याआधी वरचे आवरण काढून आत बघ, असाच सल्ला मिळतो.

पोर्शेचे काम वरून होत नाही. गाडीचे पुढचे टोक घोड्यांवर चढते, नुसत्या जॅकवर कधीच नाही. पुढचे झाकण उघडून कुलपापाशी असलेले स्क्रू, चाकाच्या कमानीतले स्क्रू, खालचे स्क्रू आणि बाजूचे छोटे दिवे काढून त्यांच्या मागचे स्क्रू, असे करत बंपर मोकळा होतो. बहुतेक स्क्रू चांदणी आकाराच्या खाचेचे, तेव्हा त्याचा नेमका पाना लागतो. साधा स्क्रूड्रायव्हर घालून जबरदस्ती केली की खाच झिजते आणि पुढचा तासभर शिव्या देण्यात जातो. बंपर दोघांनी मिळून सरळ पुढे ओढायचा. बाहेरच्या तापमानाच्या सेन्सरची वायर आणि हेडलाइट धुण्याची नळी असेल तर ती आधी सोडवायची, हे विसरले जाते आणि मग कळते.

मग दिसतो कन्डेन्सर. त्याच्या कडेचे प्लॅस्टिकचे मार्गदर्शक काढून तो रेडिएटरला धरून ठेवणारे बोल्ट सोडले की तो पुढे कलतो. फक्त कलतो. त्याच्या नळ्या तशाच जोडलेल्या राहतात आणि त्यांत गॅस असतो, म्हणून त्याला ओढायचे नाही, पिळायचे नाही, नुसता हाताने पेलून धरायचा. आणि त्या क्षणी मागून पानांची गादी एका तुकड्यात खाली येते. रेडिएटरच्या जाळीचा आकार तिच्यावर उमटलेला असतो, खालच्या कडेला ती जाड आणि काळी, वर पातळ आणि तपकिरी. तिचा वास शेणखताच्या खड्ड्यासारखा नसून जंगलातल्या ओल्या मातीचा असतो.

गादी हाताने उचलून झाली की उरलेला चुरा व्हॅक्यूमच्या निमुळत्या तोंडाने ओढायचा, त्यानंतर मऊ ब्रश, फिन्सच्या दिशेने, आडवा नाही. मग साध्या पाइपने पाणी, आणि ते मागून पुढे, म्हणजे हवा ज्या वाटेने आत येते त्याच्या उलट. पुढून पाणी मारले तर कचरा फिन्सच्या आत आणखी ठासला जातो. सर्व्हिस सेंटरवाला उत्साहाने प्रेशर वॉशर घेऊन येतो, त्याला तिथेच थांबवावे. त्याच्या धारेने फिन्स एका झटक्यात लवतात, आणि लवलेल्या फिन्सची जाळी पानांनी भरलेल्या जाळीपेक्षा फार वेगळी नसते. थोड्या लवल्या असतील तर बारीक दातांच्या फिन-कंगव्याने सरळ होतात. हवा मारायची तीही कमी दाबाने आणि लांबून. एक बाजू झाली की तेच सगळे दुसऱ्या कोपऱ्यात. प्रत्यक्ष सफाईला फार वेळ लागत नाही, अख्खी दुपार जाते ती उघडण्यात आणि बसवण्यात.

ज्या गाड्या सर्किटवर पळतात त्यांच्यात पानांऐवजी रबर असते. तापलेल्या टायरांचे गोळे उडून रेडिएटरला गरम असतानाच चिकटतात आणि थंड झाल्यावर सुटत नाहीत. ते एकेक करून प्लॅस्टिकच्या चिमट्याने काढावे लागतात. धातूचा चिमटा नळीला लागला तर काम भलत्याच खर्चात जाते.

यावर उपाय म्हणून अनेक मालक बंपरच्या तोंडांना जाळी बसवून घेतात. फायदा उघड आहे, पान बाहेरच अडते आणि हाताने काढता येते. तोटाही आहे: प्रत्येक तार थोडी हवा खाते, आणि मुळात हवेचे भांडवल किती तुटपुंजे ते आधी पाहिलेच. जाळी जितकी बारीक तितकी ती स्वतःच लवकर चोंदते. शेतीच्या यंत्रांनी हा प्रश्न जास्त शहाणपणाने सोडवला आहे. मळणीच्या दिवसांत भुसा उडतो तिथे साध्या जाळीचा निभाव लागत नाही, म्हणून मोठ्या हार्वेस्टरना फिरती जाळी असते आणि तिच्यावर बसलेला भुसा शोषून काढणारी नळी. काहींचे पंखे तर थोड्या थोड्या वेळाने उलटे फिरून कचरा बाहेर फुंकतात. विदर्भ-मराठवाड्यात ट्रॅक्टरवर मळणी यंत्र चालवणारा चालक तेच काम संध्याकाळी हवा मारून करतो. नव्या 992 पिढीच्या 911 मध्ये पुढच्या तोंडांना उघडझाप करणाऱ्या झडपा आहेत. त्या हवेचा अडथळा कमी करायला दिल्या असल्या तरी गरज नसताना तोंड मिटलेले असते हा त्यांचा उपफायदा.

बंपर परत चढवण्याआधी इंजिन सुरू करून एसी लावून बघतात. एसी लागला की दोन्ही कोपऱ्यांतले पंखे कमी वेगाने फिरायला हवेत. बॉक्सस्टर आणि 996 मध्ये बऱ्याचदा त्यातला एखादा फिरत नाही. कारण कमी वेगासाठी जो रेझिस्टर लागतो तो हवेच्याच वाटेत बसवलेला असतो, आणि तीच ओल, तेच मीठ त्यालाही खाते. मोठ्या वेगाला पंखा चालतो, त्यामुळे मालकाला वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही. बंपर उतरलेला आहे तोवर हात सहज पोचतो, तेव्हा नवा रेझिस्टर त्याच दुपारी टाकून घेतात.